बोटीच्या वेळापत्रकावर आखलेलं अंदमान

अंदमानला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट काढतात, मग हॉटेलं ठरवतात आणि बोटींचं "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून देतात. मीही पहिल्या खेपेला असंच केलं. सहा दिवसांतले दीड दिवस धक्क्यावर गेले आणि जे बेट बघायला मुद्दाम आलो होतो, ते राहूनच गेलं. त्यानंतर तीन वेळा जाऊन आलो. दर वेळी आधी बोटींचा कागद समोर घेऊन बसलो आणि त्याच्याभोवती बाकीचं बसवलं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

नावांचा घोळ आधी सोडवून टाकू. हॅवलॉकचं नाव आता स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटाचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही तिन्ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. पोर्ट ब्लेअरचं सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजया पुरम झालं. तिकिटावर नवं नाव दिसेल, रिक्षावाला जुनं नाव घेईल. मी या लेखात पोर्ट ब्लेअरच म्हणतो, कारण धक्क्यावर अजून तेच ऐकू येतं.

कधी जायचं

या बेटांवर पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा सुरू होतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठतात. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच एका वादळाच्या वेळी स्वराज आणि शहीद द्वीपांवर चौदाशेच्या आसपास पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. दिवाळीच्या सुटीला जोडून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझ्या मते जानेवारीचा मध्य ते मार्चची अखेर हा काळ सगळ्यात चांगला. समुद्र शांत, पाणी नितळ आणि उत्तरेच्या किनाऱ्यांवर कासवांचा हंगाम. नाताळचा आठवडा टाळा. त्या दिवसांत बोटी आणि खोल्या दोन्ही भरलेल्या असतात आणि एक बोट चुकली तर दुसरी मिळत नाही.

दिवसाचं गणितही इथे वेगळं आहे. घड्याळ भारताचंच, पण बेटं मुंबईच्या वीस अंश पूर्वेला, त्यामुळे सूर्य इथे तासाभराहून आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाचला दिवे लागतात. सकाळी साडेपाचला मात्र चांगलं उजाडलेलं असतं. नऊला नाश्ता करून बाहेर पडायची सवय असेल तर उजेडाचे तीन-चार तास वाया जातात. पहिल्या दिवसापासून पाचला उठा आणि रात्री नऊला झोपा. बेटावरची माणसंही तसंच करतात.

किती दिवस

पोर्ट ब्लेअर, स्वराज आणि शहीद एवढंच करायचं असेल तर सात रात्री. उत्तरेपर्यंत जायचं असेल तर अकरा, शक्य झालं तर बारा. चार रात्रींची सहल विकली जाते हे मला माहीत आहे. तीत तुरुंग, एक किनारा आणि तीन धक्के बघून होतात.

यातला एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवा. समुद्र खवळला की बंदर खातं बोटी थांबवतं आणि त्यावर कोणाचं काही चालत नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. सकाळच्या बोटीने परत येऊन दुपारचं विमान पकडू, असा बेत कधीच करू नका. बोट रद्द झाली की विमान गेलं आणि पैसेही गेले.

बोटी समजून घेणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पोर्ट ब्लेअर, स्वराज, शहीद या त्रिकोणात खासगी वातानुकूलित बोटी धावतात. मक्रुझ, ग्रीन ओशन, नॉटिका ही त्यातली नेहमीची नावं. पोर्ट ब्लेअरहून स्वराजला दीड ते अडीच तास लागतात. तिकिटं कितीतरी आधी काढता येतात, तेव्हा विमान पक्कं झालं की त्याच दिवशी काढून टाका. बहुतेक बोटी बंदिस्त असतात. काचेतून समुद्र दिसतो, पण वारा लागत नाही.

दुसऱ्या सरकारी बोटी. त्या चालवणाऱ्या जहाज सेवा संचालनालयाचा कारभार फिनिक्स बे धक्क्यावरून चालतो. भाडं खासगीच्या तुलनेत बरंच कमी, वेग कमी, आणि बऱ्याच बोटींवर डेकवर उभं राहता येतं. मला याच आवडतात. भाजीच्या टोपल्या, गॅसच्या टाक्या, परीक्षा देऊन घरी निघालेली मुलं, सगळं एका डेकवर असतं आणि गप्पा आपोआप सुरू होतात. मात्र यांची तिकिटं प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात आणि बेटावरच्या रहिवाशांना प्राधान्य असतं. ते असायलाच हवं. आपण फिरायला निघालेलो असतो आणि त्यांना दवाखाना गाठायचा असतो. ऑनलाइन तिकीट मिळालं नाही तर खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभं राहावं लागतं.

तरीही सरकारी बोट टाळू नका, कारण त्रिकोणाच्या पलीकडे, म्हणजे लाँग आयलंड, रंगत, दिगलीपूर, लिटल अंदमान या सगळ्या ठिकाणी समुद्राने जायला तीच आहे. वेळापत्रक आठवड्याच्या ठरावीक वारांवर चालतं आणि ते बदलतं. म्हणून बेत असा आखा: कोणत्या वारी कोणती बोट आहे ते आधी कागदावर लिहा, उत्तरेच्या बोटीचा वार पक्का करा आणि त्याच्या आगेमागे स्वराजचे दिवस आणि विमान बसवा.

बोट लागण्याचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी न्या आणि निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. बसायला मधली आणि खालची जागा घ्या, मोबाइल खिशात ठेवा, नजर क्षितिजावर ठेवा. आमच्या घरात आलेपाकाच्या वड्यांवर विश्वास आहे आणि त्या मी नेतो.

मूळ ओळखपत्र प्रत्येक धक्क्यावर दाखवावं लागतं. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. मुख्य बेटांसाठी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. वनखात्याच्या ताब्यातल्या बेटांसाठी लागतो, तो तिथल्या तिथे मिळतो. निकोबारच्या आदिवासी भागात आदिवासी पासाशिवाय प्रवेशच नाही, त्यामुळे पर्यटकाने ते नाव यादीतून काढून टाकावं.

पोर्ट ब्लेअर: दोन पूर्ण दिवस

लोक इथे एक संध्याकाळ देतात. मी दोन दिवस म्हणतो, आणि मराठी माणसाला तर आग्रहाने म्हणतो.

सेल्युलर जेल दुपारी दोनच्या सुमारास गाठा, म्हणजे शांतपणे बघून संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रमही करता येईल. त्याचं तिकीट आधीच काढा, आणि कार्यक्रम हिंदीत कधी, इंग्रजीत कधी, तेही विचारा. तुरुंगाचं बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झालं. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती निघत होत्या आणि त्यांत सातशेला थोड्याच कमी कोठड्या होत्या. आज तीन इमारती उभ्या आहेत. उरलेल्या जागेचा काही भाग गोविंद वल्लभ पंत रुग्णालयाकडे आहे.

एक गोष्ट नीट बघा, ती फलकांवरून पटकन लक्षात येत नाही. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात. समोर भिंत, तिच्यात उंचावर झरोके आणि माणूस कुठेच नाही. साडेचार मीटर बाय पावणेतीन मीटरच्या त्या खोलीत उभं राहून गजांतून बाहेर पाहिलं की ही रचना माणसाला माणूस दिसू नये म्हणूनच केली आहे हे कळतं. बाबाराव सावरकर इथे आधीच होते. १९११ च्या जुलैत विनायकराव आले, आणि एकाच तुरुंगात असूनही सख्ख्या भावांची भेट होत नव्हती ती याच रचनेमुळे. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. तिथे रांग लागते. तिकडे जाण्याआधी मधल्या मजल्यावरच्या एखाद्या रिकाम्या कोठडीत दोन मिनिटं एकटे उभे राहा. मग वर जा.

अंगणात कोलू आहे. बैलाच्या जागी माणसाला जुंपून त्यावर खोबऱ्याचं आणि मोहरीचं तेल गाळून घेत. फाशीघर शेजारीच आहे. नावांच्या फलकांपाशी थांबा: बारींद्र घोष, उल्हासकर दत्त, भाई परमानंद, बटुकेश्वर दत्त. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने अन्न घालताना महावीर सिंह, मोहित मोइत्र आणि मोहनकिशोर नामदास यांचा मृत्यू झाला. यांतली बरीच नावं आपल्याकडच्या शाळेत शिकवली जात नाहीत. मुलं बरोबर असतील तर ती मोठ्याने वाचायला लावा.

काळ्या पाण्याचा इतिहास या तुरुंगाच्या चाळीस वर्षं आधी सुरू होतो, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. १८५७ नंतर पकडलेल्या दोनशे कैद्यांची पहिली तुकडी १० मार्च १८५८ रोजी इथे उतरवली गेली. तेव्हा तुरुंगाची इमारत नव्हती, जंगल हाच तुरुंग होता. ते जंगल त्याच कैद्यांकडून तोडून घेतलं. तो काळ बघायचा असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्यावर निघा.

सकाळच्या पहिल्या बोटीने रॉस, म्हणजे नेताजी द्वीप. अबर्डीन धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटांत पोचवतात. इंग्रजांची राजधानी इथे होती: चर्च, बेकरी, छापखाना, नाचघर. १९४१ च्या जूनमधल्या भूकंपाने तडे गेले, पुढच्या वर्षी जपानी आले, आणि नंतर बेट सुनं पडलं. आता भिंतींना पिंपळवर्गीय झाडांच्या मुळांनी असं कवटाळलं आहे की विटा पडल्या तरी भिंतीचा आकार मुळं धरून ठेवतील. चितळं मोकळी फिरतात, त्यांना बिस्किटं देऊ नका. बोटवाले तासाभरात परत या म्हणतात. निघतानाच दोन तास ठरवून घ्या.

दुपारी चाथमहून गाड्यांच्या फेरीबोटीने बांबूफ्लॅटला उतरा आणि माउंट हॅरिएटवर जा. त्याचं नाव २०२१ मध्ये माउंट मणिपूर केलं, कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या कैद्यांना इथे ठेवलं होतं. जुन्या वीस रुपयांच्या नोटेवरचं नारळीच्या झाडांचं आणि दीपगृहाचं चित्र याच डोंगराच्या वाटेवरून दिसणारं. ८ फेब्रुवारी १८७२ ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथून सूर्यास्त बघून खाली उतरला आणि होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्याला भोसकलं. शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी दिली. डोंगर, धक्का आणि बेट एकाच दिवशी नजरेसमोर ठेवता येतात.

जपानी काळाची एक जागा शहराबाहेर आहे. हंफ्रेगंज इथे ३० जानेवारी १९४४ रोजी हेरगिरीच्या संशयावरून चव्वेचाळीस जणांना गोळ्या घातल्या. त्याच्या महिनाभर आधी, ३० डिसेंबर १९४३ ला, नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला होता. दोन्ही तारखा एकत्र लक्षात ठेवल्या तर त्या वर्षांतलं इथलं जगणं किती अवघड होतं हे समजतं. फार कमी पर्यटक इथे येतात. वंडूरच्या बाजूला जाताना वाट थोडी वाकडी करून जाऊन या.

वंडूरच्या रस्त्यावर सिप्पीघाटजवळ पाण्यात उभी वठलेली झाडं दिसतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीन जवळपास मीटरभर खचली आणि भातखाचरांत समुद्र शिरला तो कायमचा. उत्तर अंदमानचा किनारा त्याच धक्क्याने वर उचलला गेला आणि तिथली प्रवाळं उघडी पडून मेली. त्सुनामीच्या लाटेबद्दल सगळे बोलतात. जमीन हलली ती अशी दिसते.

स्वराज आणि शहीद

याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. स्वराजवर तीन रात्री, शहीदवर एक किंवा दोन.

स्वराजवर किनाऱ्यांना आकडे आहेत. धक्का एक नंबरला, बहुतेक राहण्याच्या जागा तीन आणि पाच नंबरला, राधानगर सात नंबरला. राधानगरला संध्याकाळी सगळं बेट लोटतं, तुम्ही सकाळी सहाला जा. स्नॉर्केलिंगला एलिफंट बीचवर जंगलातून चालत जायची वाट आहे, ती बोटीपेक्षा मला बरी वाटते. पाऊस पडून गेला असेल तर चिखल फार होतो.

स्कूबा करणार असाल तर या पाच गोष्टी पाळा. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर ते फॉर्मवर खरं लिहा. एका प्रशिक्षकाबरोबर एकच नवखा माणूस असेल अशीच जागा निवडा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका, कान फुटू शकतो. पाण्याखाली कशालाही हात लावू नका. आणि शेवटच्या डुबकीनंतर किमान अठरा तास, शक्यतो चोवीस, विमानात बसू नका. म्हणूनच स्कूबा सहलीच्या सुरुवातीला बसवा. पोहता येत नसेल तरी पहिली डुबकी करता येते, मात्र पाण्याची भीती वाटत असेल तर आदल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मुखवटा लावून श्वास घ्यायचा सराव करा.

शहीद द्वीप लहान आहे, सायकलने फिरा. गावांची नावं रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. लक्ष्मणपूरची दगडी कमान ओहोटीलाच बघण्यासारखी असते. भरतीला तिथे पोचताच येत नाही, आणि खडकांवरून जाताना मधेच पाणी वाढलं तर परतणं कठीण होतं. कोकणातल्या लोकांना तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. तो हिशेब इथे चालत नाही, किनारा वेगळा आहे. मुक्कामाच्या ठिकाणी ओहोटीची वेळ विचारा आणि तिच्या तासभर आधी पोचा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब ओसरतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. खडकाळ भागात पायात सँडल हवेतच. खड्ड्यांतल्या पाण्यात समुद्रकाकडी, तारामासे, लहान खेकडे असतात. उकिडवं बसून बघा, उचलू नका.

उत्तरेकडे: समुद्रानेच जा

माझा आग्रह इथे आहे.

उत्तरेला जायचा सरळ मार्ग म्हणजे अंदमान ट्रंक रोड. तो जिरकाटांगपासून जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरावीक वेळी पोलिसांच्या देखरेखीखाली ताफ्याने सोडतात. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला रोज पर्यटक याच रस्त्याने जातात, आणि त्यांतल्या अनेकांना गुहेपेक्षा रस्त्यात "ते" दिसतील का याचीच उत्सुकता असते. ड्रायव्हरला तसं विचारतानाही मी ऐकलं आहे.

जारवा चारशे-पाचशेच्या आसपास उरले आहेत. १९९७-९८ पर्यंत त्यांनी बाहेरच्यांशी संबंध ठेवला नव्हता. ठेवल्यावर लगेच, १९९९ मध्ये, त्यांच्यात गोवराची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांच्या जंगलातून जाणारा रस्त्याचा भाग बंद करायला सांगितला, तरी रस्ता चालूच आहे. २०१२ मध्ये जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि देशभर संताप झाला. फोटो काढणं, खायला देणं, गाडी थांबवणं हे गुन्हे आहेत आणि त्यांना तुरुंगवास आहे. पण कायद्याचं राहू द्या. आपण जातो ते कोणाच्या तरी घरातून, आणि त्याला आपल्याला "नको" म्हणायची सोय नाही. बेटावरच्या रहिवाशांना दवाखान्यासाठी, बाजारासाठी तो रस्ता लागतो, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फिरायला आलेल्या माणसाला दुसरी वाट आहे, तर त्याने ती घ्यावी.

ती वाट अशी. स्वराजवरून सरकारी बोट आठवड्याच्या ठरावीक दिवशी लाँग आयलंडमार्गे रंगतला जाते. स्वराजचा मुक्काम त्या दिवशी संपेल असा बेत करा. या वाटेवर स्ट्रेट आयलंड लागतं. तिथे ग्रेट अंदमानी लोकांची वस्ती आहे आणि आपल्याला उतरायची परवानगी नाही. १८५८ मध्ये हजारोंनी असलेले हे लोक आज पन्नासच्या आसपास आहेत. त्यांच्यातली 'बो' भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये गेली आणि ती भाषा तिच्याबरोबर संपली. बेट मागे पडेपर्यंत मी डेकवर उभा राहतो.

लाँग आयलंडवर दोन रात्री काढा. गावात गाड्या जवळपास नाहीत, सिमेंटच्या पायवाटा आहेत, राहायला मोजक्या साध्या खोल्या. लालाजी बे या किनाऱ्यावर जंगलातून चालत जायला दीड-दोन तास लागतात किंवा डुंगीने, म्हणजे इथल्या लहान मोटारहोडीने, जाता येतं. आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. वाट स्थानिक माणसाबरोबरच करा, फाटे फसवे आहेत. इथे जेवण सांगून ठेवावं लागतं, सकाळी सांगितलं तर दुपारी मिळतं.

लाँग आयलंडहून येराटा धक्क्याला जाणारी लहान बोट खाडीतून जाते, दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत. बाराटांगला जे बघायला लोक रस्ता तुडवतात ती खारफुटी इथे भरपूर आहे. रंगतजवळ धनी नाल्यावर खारफुटीतून समुद्रापर्यंत लाकडी पूल बांधला आहे, तिथे सकाळी जा.

रंगत, मायाबंदर, दिगलीपूर हा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता ताफ्याविना आहे. सरकारी आणि खासगी बस धावतात, जागा आदल्या दिवशी धरून ठेवा. मायाबंदरजवळ वेबी हे कारेन लोकांचं गाव आहे. त्यांना १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणलं गेलं. लाकूडकाम आणि होड्या करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, असं बेटावर सगळेच सांगतात.

दिगलीपूरला तीन रात्री हव्यात. एक दिवस रॉस आणि स्मिथ या जोडबेटांसाठी. (हे रॉस वेगळं.) एरियल बे धक्क्यावर परवानगी घेऊन डुंगीने जायचं. दोन बेटांमधला वाळूचा पट्टा ओहोटीला उघडा पडतो, म्हणून वेळ पाहून निघा. दुसरा दिवस सॅडल पीकसाठी. ७३२ मीटर, अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर. वाट आधी किनाऱ्याने आणि मग दाट जंगलातून चढते, जाऊन-येऊन साधारण सोळा किलोमीटर. सहाच्या आत चालायला लागा, माणशी तीन लिटर पाणी घ्या. सह्याद्रीत चालणाऱ्यांनाही इथला दमटपणा दमवतो. जळवा असतात, मोजे पँटवर चढवा.

आणि रात्री कालीपूर. ऑलिव्ह रिडले, लेदरबॅक, हॉक्सबिल आणि हिरवं कासव, अशा चारही जाती या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. वनखात्याच्या माणसाबरोबरच जा, बॅटरी बंद ठेवा, समोरून जाऊ नका, फोटोचा मोह टाळा. मी दोन रात्री नुसताच बसून परतलो. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास पाण्यातून एक काळा दगड बाहेर आला आणि चालू लागला. ती मादी खड्डा उकरून, अंडी घालून, वाळू सारखी करून परत जाईपर्यंत आमच्यातलं कोणीही एक शब्द बोललं नाही.

परतीला दिगलीपूरहून पोर्ट ब्लेअरचं रात्रीचं जहाज घ्या. तेही ठरावीक वारीच असतं, म्हणून उत्तरेच्या सगळ्या बेताला दोन टोकं बांधलेली आहेत: जातानाच्या बोटीचा वार आणि येतानाच्या जहाजाचा. बर्थ मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर पातळ चादर आणि उशीला एक गुंडाळलेलं जॅकेट पुरतं.

धोके, नियम, सामान

मगर इथे खरोखर आहे. खाऱ्या पाण्यातली मगर खाड्यांत, तिवरांत आणि कधी किनाऱ्यालगत समुद्रातही येते. २०१० मध्ये स्वराजवर एका पर्यटक महिलेचा तिने बळी घेतला. मगरीची पाटी असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला खाडीच्या तोंडाशी पोहू नका. एखाद्या किनाऱ्यावर गावातलं एकही पोर पाण्यात नसेल तर का नाही ते विचारा.

वाळूमाश्या डासांपेक्षा त्रास देतात. त्या दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि आठवडा जातो. उघड्या वाळूवर झोपू नका, खोबरेल तेलाचा जाड हात पायांना लावा. हा उपाय मला लाँग आयलंडवरच्या एका आजींनी सांगितला आणि तो लागू पडतो.

शंख, शिंपले, प्रवाळाचा मेलेला तुकडा, काहीही उचलून बॅगेत टाकू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती जपून ठेवा. ड्रोन आणू नका. उत्तर सेंटिनल बेटाच्या आसपास फिरवून आणतो असं कोणी म्हणालं तर त्या माणसापासून दूर राहा, तिथे पाच सागरी मैलांच्या आत जायला मनाई आहे. वंडूरहून जॉली बॉय बेटावर जाताना प्लास्टिकची बाटलीसुद्धा नेता येत नाही, धातूची बाटली बरोबर ठेवा.

चेन्नईहून टाकलेली समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून पोर्ट ब्लेअर आणि स्वराजवर इंटरनेट बरं चालतं. लाँग आयलंड आणि उत्तरेत त्यावर विसंबू नका: तिकिटं छापून घ्या, नकाशा उतरवून घ्या आणि रोख पैसे पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. नेहमीची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची न्या. सामान एका पाठपिशवीत मावेल एवढंच, कारण डुंगीतून उतरताना बहुतेक वेळा गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं आणि चाकांची बॅग डोक्यावर घ्यावी लागते. आतल्या कपड्यांना जाड प्लास्टिकची पिशवी.

शेवटचा, मुद्दाम राखलेला दिवस उरलाच तर चाथमची लाकूड गिरणी बघा. १८८३ पासून चालू आहे आणि पडौकच्या लाल लाकडाचा वास आवारात शिरताच येतो. रविवारी बंद असते. तिथून दुपारी चिडिया टापूला जा. हिवाळ्यात पाचच्या आत पोचलात तर सूर्य पाण्यात उतरताना दिसेल आणि परतीच्या रस्त्यावर अंधार पडताना झाडांतून पोपटांचे थवे उडताना ऐकू येतील.